रस्त्याच्या रविवारी कुणी मरत नाही

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच ती गोष्ट आहे. पण या खेपेला माझ्याकडे साक्षीदार आहे, आणि ती त्या खिडकीशी बसून बशीतला केकचा चुरा बोटानं टिपून खातेय. प्लोनीला विचारा. उजेड आणि अंधार यापलीकडे तिला काही दिसत नाही हे खरं, पण त्या दिवशी ती माझ्या मागच्याच सीटवर होती. इतक्या जवळून हे सगळं दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नाही.

आज चर्चमध्ये हुबर्टची वर्षाची मिस्सा झाली. पाद्रीबाबांनी त्याचं नाव दोनदा घेतलं, त्यातलं एकदा चुकीचं. कॉफी गरम आहे, हुबर्टच्या सुनेनं, मारलीसनं, केकही झकास केलाय, आणि बाहेर रस्त्यावरून गाड्या धावताहेत. गाड्या धावताहेत म्हणजे आज तो रविवार नाही. तेव्हा मेलेल्या माणसाबद्दल बोलायला हरकत नाही.

त्या रविवारचं तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळा उतरणीला लागला की एक दिवस नदीकाठचा रस्ता मोटारींना बंद. सकाळी अडसर पडतो, संध्याकाळी सहाला उठतो, आणि मधल्या वेळात अख्खं खोरं सायकलीवर. एका वर्षी गर्दी इतकी दाट होती की आमच्या ओबरबाखच्या पुलावर एक जाडा माणूस पॅडल मारायचा थांबला, हँडलवर डोकं टेकून झोपला, आणि गर्दीनंच त्याला ढकलत ढकलत ट्रिअरला नेऊन सोडलं. एवाल्ड म्हणतोय, गेल्या खेपेला सांगितलं तेव्हा तो दोनच गावं झोपला होता. एवाल्ड, तू बंबवाला माणूस. अडसर टाकायचा आणि उचलायचा यापलीकडे तुला काय कळणार? झोपेतलं अंतर वाढत जातं. त्याच वर्षी माझी तांबडी कोंबडी रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर अंडी उबवायला बसली आणि सहाच्या आत पिल्लं घेऊन घरी आली. आपल्याकडे कोंबड्यासुद्धा वेळ पाळतात.

हसा. पुढचं मात्र माझ्या पदरचं नाही.

पहिल्यांदा रस्ता बंद ठेवला त्या वर्षी भर दुपारी कुणी एक म्हातारा गेला, आणि रिवाजाप्रमाणे चर्चची घंटा झाली. मेल्याची घंटा झाली की शेतातला माणूस टोपी काढतो, दुकानातली बाई वजन करायची थांबते. बँड थांबला. सायकलवाले पाय टेकून उभे राहिले आणि मग एकेक करून परत फिरले. सॉसेजच्या परातीवर माशा बसल्या. त्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या सगळ्या सरपंचांनी एकत्र बसून ठरवलं की रस्त्याच्या रविवारी मेल्याची घंटा सहाच्या आत वाजणार नाही. मरणाऱ्यानं मरावं, त्याला कोण अडवणार, पण कळायचं ते सहानंतर. तेव्हापासून खोऱ्यात म्हण पडली की रस्त्याच्या रविवारी इथे कुणी मरत नाही. पोरं हे हसून म्हणायची. म्हातारे म्हणायचे तेव्हा हसत नसत.

इथे श्टाइनहाउझनला घंटेचा दोर हुबर्टच्या हातात होता. दारूचा थेंबही न घेणारा माणूस, मिस्सेतल्या घोटभर द्राक्षारसानंसुद्धा त्याला ठसका लागायचा. सूर्य उगवायला उशीर झाला तर हुबर्ट आधी घड्याळाकडे बघायचा आणि मग सूर्याकडे, रागानं. त्याची बहीण प्लोनी लग्न होऊन वर ओबरबाखला आली, माझ्या शेजारी. भावाकडे मेलेल्यांची घंटा आणि बहिणीकडे मेलेल्यांची आंघोळ. आसपासच्या गावांत कुणी गेलं की प्लोनी सायकलच्या हँडलला जस्ताचं घमेलं अडकवून निघायची. उतारावर ते घमेलं खडखडायचं, आणि तो आवाज आला की बायका दारात येऊन छातीवर क्रूस करायच्या. मला स्वतःला ती सायकल कुंपणाशी दिसली की मी आधी आपली नाडी बघायचो.

दोघांची आई हुबर्टकडेच असे. ती गेली ती नेमकी रस्त्याच्या रविवारी, सकाळच्या कॉफीच्या वेळेला. हुबर्टनं काय केलं? आईचे हात छातीवर जोडून ठेवले, दार लोटलं, आणि बाहेर येऊन सायकलवाल्यांना पाणी वाटायला उभा राहिला. बहिणीला फोनसुद्धा केला नाही. त्याचा हिशेब सरळ होता. फोन केला तर प्लोनी रडणार, ती रडली की ओबरबाखला कळणार, आणि ओबरबाखला कळलं तर घंटा अडवून ठेवण्यात अर्थ काय?

वर आमच्याकडे प्लोनी दिवसभर वॉफल विकत होती. दुपारी बँडवर नाचलीसुद्धा. माझ्याबरोबरच नाचली, हिरवा झगा होता. सहाला अडसर उठला आणि खालून घंटा ऐकू आली. तिनं झगा बदलला, सवयीनं घमेलं उचललं आणि सायकलवर बसली. कोण गेलंय हे तिला ठाऊक नव्हतं. आपण कुणाला आंघोळ घालायला आलो आहोत हे तिला भावाच्या दारात कळलं.

तिनं आईला आंघोळ घातली. केस विंचरले. मग हात पुसून भावाला म्हणाली, "'मी घंटा वाजवायला हवी होती' एवढं तुझ्या तोंडून ऐकू दे. ऐकल्याशिवाय या घरात पाय ठेवायची नाही."

हुबर्ट म्हणाला, "नियम होता."

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. नाताळला नाही, बारशाला नाही. प्लोनीचा नवरा गेला तेव्हा हुबर्टनं खाली आपल्या चर्चची घंटा वाजवली, अगदी वेळेवर, पण वर आला नाही. तिच्या डोळ्यांवर पडदा आला तो याच काळात. मी म्हणायचो, प्लोनी, डोळे गेले ते बरंच, आता हुबर्टसारखा दिसणारा कुणी रस्त्यात भेटायचा नाही. ती हसायची नाही. मी आपला म्हणायचो.

आता मागच्या वर्षीचं. रविवारी सकाळी मारलीसनं तिला फोन केला की आत्याबाई, बाबांचं आता काही खरं नाही, यायचं तर आजच या. प्लोनीनं फोन ठेवला आणि बटाटे सोलायला बसली. एकट्या बाईला किती बटाटे लागतात? तिनं टोपली रिकामी केली. मग हॅट घालून भिंत चाचपत माझ्या दाराशी आली.

"वेंडेल, गाडी काढ."

कुठे जायचं हे मी विचारलं नाही. खोऱ्यात ती एकाच घरी जात नव्हती, आणि हॅट घालून जावं असं दुसरं घर तिला नव्हतं.

शहाणी माणसं आदल्या संध्याकाळीच गाडी डोंगरावर फुटबॉलच्या मैदानात नेऊन ठेवतात, तिथून रानातल्या वाटेनं बाहेर पडता येतं. माझी गाडी अंगणात. दुसऱ्या कुणाची मागावी तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं, आणि प्लोनीनं बजावलं होतं की एक अक्षर बोलायचं नाही. भाऊ मरायला टेकल्यावर धावली असं कुणी म्हणायला नको. म्हणून गाडी काढली आणि अडसराशी नेली. अडसराशी कोण? गणवेश घालून, शिटी गळ्यात अडकवून हा एवाल्ड. एवाल्ड, तू केक खा, तुझं मी सांगतो.

"सहापर्यंत नाही, प्लोनीमावशी."

"मला कोबी आणायचाय."

"रविवारी? मावशी, आज अख्ख्या देशात एक दुकान उघडं मिळायचं नाही."

"मग तुला काय करायचंय? वर घे ते लाकूड."

एवाल्डनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तर प्लोनीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो डाग नाताळपर्यंत टिकला आणि त्याला पाहुणे बघायला यायचे. भाऊ जातोय एवढं ती म्हणाली असती तर एवाल्डनं अडसर खांद्यावर घेऊन गाडीपुढे धाव घेतली असती. काय रे? बघा, मान हलवतोय. पण ती कोबीवरच अडून राहिली.

मग मी तबेल्याच्या आढ्याला टांगलेली जोडसायकल खाली काढली. ती माझी आणि माझ्या बायकोची, इर्मगार्डची. इर्मगार्ड गेल्यापासून तिच्या मागच्या सीटवर कोळ्यांशिवाय कुणी बसलं नव्हतं. हवा भरली, साखळीला डुकराची चरबी फासली, प्लोनीचा पाय धरून पॅडलवर ठेवला. माझा हात ती झटकून टाकेल असं वाटलं होतं, पण पायानं पॅडल ओळखलं. ती एवढंच म्हणाली, "घमेलं नाही घेतलंय मी. लोकांनी काही समजायला नको."

लोकांनी समजायचं ते समजलंच. रस्त्याकडेच्या बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी सायकलवरची प्लोनी पाहिली आणि हातातली सॉसेजं खाली ठेवून क्रूस केला. एकीनं नवऱ्याला हलवून बघितलं. तरुण पोरं मात्र टाळ्या वाजवत होती. आणि ती पॅडल मारत होती म्हणजे काय सांगू! मी नुसते पाय वर घेऊन बसलो तरी सायकल पळत होती. चकचकीत चड्ड्या घातलेले शर्यतीवाले चार जण आम्ही मागे टाकले, त्यातला एक तर रडला. नदी आमच्याबरोबर यायला निघाली आणि पहिल्याच वळणावर दमून मागे राहिली. मोटारी नसल्या की त्या रस्त्यावर साखळ्यांचा आवाज येतो, हजार साखळ्यांचा, पिठावर पाऊस पडावा तसा. प्लोनी मागून एकदाच म्हणाली, "गिरणी आली. पाणी वाजतंय. अजून निम्मं."

मधल्या गावात आम्हाला अडवलं. सरपंच स्वतः भोंगा घेऊन रस्त्यात उभे. म्हणाले, हे पाहा, खोऱ्यातलं सर्वांत वयस्कर जोडपं, एकाच सायकलवर, एकाच दिशेनं! लोकांना ते फार आवडलं. मी म्हणतोय, अहो, आम्ही जोडपं नाही, आणि बँडनं तोवर लग्नाची धून सुरू केली. माझ्या हातात सफरचंदाच्या आंबट दारूचा मोठा मग दिला आणि तो रिकामा होईपर्यंत सोडेनात. दुसराही दिला. प्लोनीच्या अंगावर रेशमी पट्टा घातला, त्यावर लिहिलेलं, "सर्वांत सुखी जोडपं". फोटो काढायला तिला सूर्याकडे तोंड करून उभं केलं. ती सरपंचांना विचारत होती, "झालं का?" ते म्हणत होते, आणखी एक, आजीबाई, जरा हसा. हसल्याशिवाय सोडणार नाहीत हे कळल्यावर ती हसली. तो फोटो पुढे वर्तमानपत्रात आला. माझ्याकडे आहे. तसं हसू मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नाही.

इथे पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हुबर्टच्या दारासमोर मारलीसचं वॉफलचं टेबल, त्यापुढे रांग. ती वॉफल काढत होती, वर साखर पेरत होती, पैसे घेत होती. डोळे लाल. तव्याचा धूर असेल. आम्हाला बघून तिनं उलथनं खाली ठेवलं, पुढे येऊन माझ्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुन्हा टेबलामागे जाऊन उभी राहिली. काय सांगितलं? सांगितलं की बाबांचा नुकताच डोळा लागलाय, हळू जा. काय, मारलीस? अगं, कॉफी कशाला आणतेस, भांडं भरलेलं आहे. बरं, आण.

प्लोनी पायरीशी थांबली. इतक्या वर्षांनी पाऊल टाकायचं होतं. म्हणाली, "तो बोलेल ना?"

मी म्हणालो, "न बोलून सांगतो कुणाला? आलोय आपण."

जिना चढताना तिनं माझा खांदा धरला होता. रेशमी पट्टा अजून तिच्या अंगावरच होता, काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हुबर्ट पलंगावर पडला होता, पांढरी चादर छातीपर्यंत, दाढी केलेली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात त्याच्या हातावर ठेवला. भट्टीतून काढलेल्या पावासारखा ऊन होता तो हात. बाहेर बँड वाजत होता, म्हणून मी खिडकी ओढून घेतली. हुबर्टचा आवाज फार खोल गेला होता, म्हणून मी उशीपर्यंत वाकून उभा राहिलो, काही निसटायला नको.

प्लोनीनं नाव घेतलं. एकदाच. "हुबर्ट."

आता ऐका, कारण इथे विश्वास बसणार नाही. त्या माणसानं, ज्यानं जन्मात कुणाची माफी मागितली नाही, जो घड्याळ बिघडलं तर सूर्याला दोष द्यायचा, त्यानं डोळे न उघडता ओठ हलवले. आणि म्हणाला. घोगरा होता आवाज, पण स्पष्ट. म्हणाला, "मी घंटा वाजवायला हवी होती, प्लोनी."

एवढंच. ती बसून राहिली. हात काढून घेतला नाही. मग सहाच्या थोडं आधी त्यानं एक लांब श्वास घेतला आणि संपला, नियमानुसार, वेळेत. खाली अडसर उठला, पहिली मोटार खिडकीखालून गेली आणि लगेच घंटा झाली. एका मिनिटाचाही उशीर नाही. ज्याच्यामुळे आईची घंटा दिवसभर अडली, त्याची स्वतःची घंटा जीव जातो न जातो तोच वाजली, आणि बहिणीनं ती त्याच्या उशाशी बसून ऐकली. सांगा, बसतो विश्वास? नाही बसत. मलाही बसला नसता. पण साक्षीदार इथेच आहे. प्लोनी, सांग यांना.

प्लोनीनं बशी बाजूला सारली. मारलीस कॉफीचं भांडं घेऊन दारातच उभी होती.

"कोंबडीचं खरं आहे," प्लोनी म्हणाली. "कोंबडी मी पाहिली होती, तेव्हा मला दिसत होतं."

सगळे हसले. मीही हसलो.

"हात गार होता, वेंडेल. सकाळचा गार. मेलेल्यांना हात लावून माझं आयुष्य गेलं, मला पाव आणि प्रेत यातला फरक कळत नाही होय?" ती आवाज न चढवता बोलत होती, जशी आंघोळ घालताना घरच्यांशी बोलायची. "आणि उशीकडून सफरचंदाच्या दारूचा भपकारा आला. माझ्या भावानं जन्मात थेंब घेतला नाही. मेल्यावर घेतली असेल, तर मधल्या गावातल्या मगातूनच घेतली असेल."

एवाल्डनं केक तोंडातच ठेवला.

"वर्षभर ऐकून घेतलं. शेजारच्यांकडे, दुकानात, सगळीकडे सांगतोस. आज त्याची मिस्सा झाली, आज नको." तिनं तोंड माझ्याकडे वळवलं, माझ्यापासून थोडं डावीकडे. "हुबर्ट ते म्हणाला नाही. तो तुझा आवाज होता."